हे घरात कुणाला ठाऊक होतं? गुऱ्हाळावरच्या एका कादंबरीचं संपादन

करवीर तालुक्यात, पन्हाळ्याच्या अंगाला, नदीकाठी एक गाव. तिथल्या गुऱ्हाळ चालवणाऱ्या एका घराची पंचवीस वर्षं सांगणारी कादंबरी माझ्याकडे संपादनासाठी आली. लेखिका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. हे त्यांचं पहिलं पुस्तक. इचलकरंजीची एक मुलगी १९९४ साली लग्न होऊन या घरात येते तिथून गोष्ट सुरू होते आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात संपते. सासरे नावाजलेले गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे. नवऱ्याला गुऱ्हाळ बंद करून ऊस कारखान्याला घालायचाय. धाकटा दीर गंगावेस तालमीतून खांदा निखळून घरी परतलेला. सासूबाईंना फार बोलायला दिलेलं नाही, पण जेवढं दिलंय तेवढं पुरतं.

मॅडमच्या परवानगीने हे लिहितोय. त्यांचं, गावाचं आणि प्रकाशकाचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळलंय. खाली दिलेले उतारेही त्यांना दाखवलेत.

काम काय सांगितलं होतं

पुण्यातल्या एका प्रकाशकाने हस्तलिखित परत करताना कळवलं होतं की अनुभव अस्सल आहे, पण बोली जड जाते आणि पानं फार होतात. पानांची तक्रार रास्त होती. १,४०,००० शब्द म्हणजे डेमी आकाराच्या पानाला तीनशे शब्द धरले तरी साडेचारशेच्या वर पानं. सोळा पानांच्या फॉर्मने मोजलं तर तीस फॉर्म. नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीवर एवढा कागद घालताना कुणीही हात आखडता घेणार.

करवीर नगर वाचन मंदिरात आम्ही भेटलो. १८५० सालची ही संस्था. मॅडमनी कादंबरीसाठीचं बरंचसं वाचन तिथंच बसून केलेलं. पिशवीतून बाड काढत त्या म्हणाल्या, "सर, शुद्धलेखन बघा आणि बोली जरा कमी करून द्या. बाकी काय करायला नको."

आपल्याकडे संपादन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुद्रितशोधन येतं: ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं. पानाला अमुक रुपये असा त्याचा दर असतो आणि ते काम जबाबदारीचं आहे, हलकं नाही. पण गोष्ट कुठून सुरू व्हावी, कुणाच्या नजरेतून सांगावी, कुठल्या प्रकरणात काय कळावं आणि काय झाकून ठेवावं, हे बघणं हा वेगळा उद्योग. मौज प्रकाशन आणि 'सत्यकथा' मासिकाच्या काळात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ही मंडळी लेखकांशी पत्रापत्री करून हे काम करायची. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं. त्या तऱ्हेचं काम करणारी पगारी माणसं आता मोजक्याच प्रकाशनसंस्थांत आहेत. त्यामुळे ते काम माझ्यासारख्या सुट्या माणसाकडे आलं आणि खर्च लेखकाच्या खिशावर गेला. हे बरं झालं असं मला वाटत नाही. प्रकाशकाच्या पगारावरचा संपादक लेखकाला "हे प्रकरण जमलेलं नाही" असं बिनदिक्कत म्हणू शकतो. लेखकाच्याच पैशावर काम करणाऱ्याची जीभ तिथं थोडी अडखळतेच.

म्हणून मी दोन कामं अलग ठेवतो. आधी पूर्ण हस्तलिखित वाचून अहवाल द्यायचा आणि त्याचे वेगळे, बेताचे पैसे घ्यायचे. अहवाल हातात आला की लेखकाने तो घेऊन दुसऱ्या संपादकाकडे जावं, स्वतः दुरुस्त्या कराव्यात किंवा अहवाल फाडून टाकावा. माझ्याकडेच पुढचं काम द्यावं अशी अट नाही. पुस्तक छापून येईलच असा शब्द मी देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून नव्या लेखकाने चार हात लांब राहावं. मॅडमना हे सगळं सांगितल्यावर त्या थोडा वेळ हिशेब करत बसल्या, मग म्हणाल्या, "बरं, आधी अहवालच द्या."

फाइलबद्दल थोडंसंच. मजकूर महाद्वार रोडवरच्या एका डीटीपीवाल्याने श्रीलिपीत टाइप केलेला होता. तो युनिकोडमध्ये आणताना 'गुऱ्हाळ'मधला ऱ्ह निम्म्या ठिकाणी एका पद्धतीने आणि निम्म्या ठिकाणी दुसऱ्या पद्धतीने साठवला गेला. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. शोध घ्यायला गेलं की संगणकाला एकच सापडतो. या कादंबरीत तो शब्द पानोपानी. मराठीत काम करणाऱ्या सुट्या संपादकाने असल्या सफाईचा वेळ धरूनच पैसे सांगावेत.

दुखणं कुठं होतं

बोलीत काहीच बिघडलेलं नव्हतं. "काय बघायलीस? चिपाडं आण की," असं सासरे सुनेला म्हणतात तेव्हा नागपूरचा वाचकही अडत नाही. चिपाडं म्हणजे नेमकं काय ते त्याला पहिल्या फटक्यात कळलं नाही तरी म्हाताऱ्याचा सूर कळतो, आणि पुढच्याच वाक्यात ती चुलवाणात जातात तेव्हा वस्तूही कळते. वाचक अडत होता तो संवाद संपल्यावर. पहिल्या प्रकरणातला मूळ उतारा असा:

"सून गुऱ्हाळात शिरली. समोर चुलवाणावर मोठी काहील होती. चुलवाण म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी. तिच्यात उसाची वाळलेली चिपाडे जाळतात. गुळव्या भेंडीच्या रसाच्या साह्याने मळी काढत होता. पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर काहील उतरवतात व पाक वाफ्यात ओततात. कोल्हापूरचा गूळ यामुळेच प्रसिद्ध आहे."

यातली माहिती चोख आहे. ढेप धरायला पाक तेवढाच चढावा लागतो. काकवी हवी असेल तर त्याच्या बरीच आधी, १०५-१०६ अंशांच्या आसपास उतरवतात. भेंडीच्या झाडाचा चिकट रस मळीला धरून वर आणतो, हेही खरं. मॅडमचं बालपण गुऱ्हाळात गेलंय, शिवाय शिकवण्याचा हात. निवेदकाच्या हातात खडू आला होता.

त्या उताऱ्याच्या समासात मी एकच प्रश्न लिहिला: हे इथं कुणाला ठाऊक आहे?

सुनेला ठाऊक नाही. ती यंत्रमागाच्या घरातून काल आलीय. सासऱ्यांना ठाऊक आहे, पण अंशांत नाही. १९९४ साली त्या गुऱ्हाळात थर्मामीटर नव्हता आणि असता तरी त्यांनी त्याकडे बघितलं नसतं. ते वाडग्यातल्या थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडतात, बोटांनी गोळी वळतात आणि ती आपटून आवाज ऐकतात. मग ११८ हा आकडा बोलतंय कोण? कृषी खात्याची पुस्तिका. वाचक सुनेचा पदर धरून आत शिरलेला असताना मध्येच कुणीतरी त्याला बाहेर बोलावून माहितीपत्रक देत होतं, आणि ते प्रत्येक प्रकरणात.

याची खरी किंमत उत्तरार्धात मोजावी लागत होती. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पाकाचा रंग दिसेनासा झालाय, ते कुणाला कळू नये म्हणून त्यांची धडपड चाललीय. एका आदणाला, म्हणजे पाकाच्या एका खेपेला, ते गोळी आपटतात आणि "उतरा" म्हणणार, तेवढ्यात मागून सून हळूच म्हणते, "अजून न्हाई, मामा." सगळं गुऱ्हाळ थांबतं. बाईमाणसाने गुळव्याला टोकायचं, तेही गड्यांसमोर. हस्तलिखितातला हा सगळ्यांत भारी प्रसंग, आणि वाचताना तो सपाट जात होता. कारण वाचकाला पाकाबद्दल सगळं सहाव्या पानावरच सांगून झालं होतं. सुनेने चौदा-पंधरा वर्षं धुरात उभं राहून मिळवलेली गोष्ट वाचकाला फुकट मिळाली होती. तिने टोकलं तेव्हा त्याला एवढंच वाटलं, हो, ११८ व्हायचे असतील अजून.

अहवालाचा निम्मा भाग मी या एकाच गोष्टीवर लिहिला. हस्तलिखितात बारीकसारीक चुका शेकड्यांनी असतात, त्या सगळ्या लिहून पाठवल्या की लेखक शेवटी अनुस्वार दुरुस्त करून मोकळा होतो. मुळाशी एकच गोष्ट असेल तर तिच्यावरच बोट ठेवावं आणि बाकीचं तूर्त सोडून द्यावं.

याचं औषध हस्तलिखितातच पडलेलं होतं. तिसऱ्या प्रकरणात सुनेच्या माहेराबद्दल एक ओळ होती: मागाचा आवाज बदलला की तिचे वडील झोपेतून उठून बसायचे, सूत तुटलेलं असायचं. मॅडमनी ती सहज लिहून टाकली होती आणि पुढे तिचं काहीच केलं नव्हतं. मी विचारलं, "मॅडम, हिला धोट्याच्या आवाजात वाढवलंय तुम्ही. मग गुऱ्हाळात ही आधी काय बघेल, की ऐकेल?" फोनवर बराच वेळ शांतता. नंतर त्या म्हणाल्या, "ऐकेल की हो."

मी वाक्यं लिहून देत नाही. तसं केलं की पुस्तकात दोन माणसांचे आवाज येतात आणि वाचक ते पकडतो. मॅडमनी पहिलं प्रकरण स्वतःच पुन्हा लिहिलं. सुरुवातीला लंबक उलट्या टोकाला गेला: माहिती इतकी कापली गेली की धुरात कोण कुठं उभं आहे हेही समजेना. तेव्हा आम्ही बसून एक साधी वाटणी केली. व्याख्या काढायची, परिणाम ठेवायचा. चुलवाण म्हणजे काय हे नसलं तरी चालेल. काहील उतरवायला उशीर झाला तर गूळ करपतो, काळा पडतो आणि सौद्यात त्याचा भाव पडतो, हे मात्र वाचकाच्या मनात बसलंच पाहिजे. ते नसेल तर सासऱ्यांच्या ओरडण्याला अर्थ राहत नाही. शेवटी ठरलेला उतारा असा:

"आत धूरच धूर. तिनं पदर नाकाला लावला. मामांनी पाण्याच्या वाडग्यात पाकाचा थेंब सोडला, बोटांनी चाचपून गोळी केली नि काहिलीच्या काठावर आपटली. टक् असा आवाज आला. मामा गप्प. जरा वेळानं पुन्हा थेंब, पुन्हा गोळी. आता टण्ण वाजलं. 'उतरा रं!' मामा ओरडले आणि चारी गडी काहिलीला भिडले. दोन आवाजांत फरक होता एवढं तिला कळलं; कसला, ते विचारायला ती पुढं झाली तर कुणीतरी खेकसलं, 'बाजूला हो की गं! मागल्या आदणागत काळा करायचाय व्हय?'"

शब्द मुळापेक्षा जास्तच झाले, पण आता उत्तरार्धात सून "अजून न्हाई, मामा" म्हणते तेव्हा वाचकाने टक् आणि टण्ण दोन्ही तिच्याबरोबर ऐकलेलं असतं. मोतीबिंदूच्या प्रसंगात मॅडमना एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

पुराचं प्रकरण

इथं तोच प्रश्न विचारल्यावर उत्तर उलटं आलं, आणि मला या कामात सगळ्यांत जास्त रस याच ठिकाणी वाटला.

मूळ मसुद्यात पूर बातमीसारखा येत होता. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, मग ४३ फुटांची धोका पातळी. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मी सवयीने विचारलं, हे घरात कुणाला ठाऊक होतं? मॅडम हसल्या. "सर, सगळ्यांनाच. पावसाळ्यात कोल्हापुरात दुसरं बोलतात काय?"

खरं आहे. इथं जुलै लागला की टपरीवर, एसटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये बंधाऱ्याचे फूट आणि इंच चघळले जातात. एकोणचाळीस आणि त्रेचाळीस म्हणजे काय ते शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे हे आकडे त्या घराचेच आहेत, बाहेरून आलेले नाहीत. काढून टाकणं चूक ठरलं असतं. पण मग माझा पुढचा प्रश्न: एवढं ठाऊक होतं तर माणसं वेळेत बाहेर का पडली नाहीत?

याचंही उत्तर हस्तलिखितात होतं, दोनशे पानं आधी. २००५ च्या पुरात पाणी घराच्या दुसऱ्या पायरीला टेकून ओसरलं होतं आणि सासऱ्यांनी तिथं गेरूने रेघ मारून ठेवली होती. त्या प्रकरणानंतर रेघ मॅडमच्या ध्यानातून गेली. खरं तर सगळ्या पूरपट्ट्यात २०१९ मध्ये हेच झालं. जुन्या पुराची खूण हा लोकांचा पक्का अनुभव होता, आणि पाणी तिथवर येतं नि थांबतं या हिशेबावर कित्येक घरं वरच्या मजल्यावर सामान टाकून थांबून राहिली. बंधाऱ्यावरचे फूट सगळ्यांना पाठ होते. बंधाऱ्यावर अमुक फूट झालं तर आपल्या घरात कितवी पायरी बुडेल, हे कोष्टक मात्र कुणाकडे नव्हतं. शोकांतिका त्या दोन मोजमापांच्या मधल्या फटीत आहे, आणि मूळ मसुद्यात निवेदक एकच मोजमाप वापरत होता.

म्हणून प्रकरणाची मांडणी बदलली. आधी दोन्ही मापं शेजारी शेजारी चालतात: टीव्हीवर फूट, दारात पायऱ्या. नवरा मोबाइलवर आकडा वाचतो, सासरे उंबऱ्यावर उभे राहून रेघेकडे बोट दाखवतात. "पाचला आलंतं ते हितवर. हाय अजून." मग वीज जाते. मोबाइल एकेक करून मान टाकतात. तिथून पुढे त्या प्रकरणात एकही आकडा नाही; घराला बाहेरचं काहीच कळत नाही, त्यामुळे वाचकालाही नाही. गोठ्यातली जनावरं सोडायची की नाही यावर दोन भावांचं भांडण अंधारात होतं, आणि मध्येच सून दारातून सांगते, "रेघ गेली."

पाणी पुढे किती चढलं हे कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला आधीच माहीत आहे. ते माहीत असल्यामुळेच "हाय अजून" हे शब्द त्याला बोचतात. निवेदकाने तिथं "पण त्यांना काय ठाऊक की..." असं एक वाक्य टाकलं होतं. ते मी लाल केलं आणि मॅडमनी लगेच काढलं. मराठी कादंबऱ्यांत हे "पण त्यांना काय ठाऊक" इतकं बोकाळलंय की त्याच्यावर कर बसवावा.

मॅडमना शेवटी एक छोटं परिशिष्ट हवं होतं: जुलै २०२१ मध्ये पाणी २०१९ च्याही वर गेलं, तेव्हा त्या घराचं काय झालं. कादंबरी संपते तेव्हा घराला २०२१ ठाऊक नाही, एवढंच मी म्हणालो. या मुद्द्यावर वाद झालाच नाही. तोवर हा प्रश्न माझ्यापेक्षा त्याच जास्त विचारत होत्या.

बोलीचं काय केलं

संवादांतली बोली जवळपास जशीच्या तशी राहिली. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे, त्यामुळे "शुद्ध" करण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त एकाच पात्राचं 'न्हाई', 'नाय' आणि 'नाही' असं तीन तऱ्हेचं बोलणं चाललं होतं ते एकसारखं केलं. अपवाद नवऱ्याचा: तो बँकेतल्या साहेबाशी बोलताना 'नाही' म्हणतो आणि घरी 'न्हाई'. हे मॅडमनी जाणून केलं होतं. शैलीपत्रकात, म्हणजे पुस्तकात काय कसं लिहायचं ते टिपून ठेवायच्या कागदावर, तशी नोंद केली, नाहीतर पुढच्या कुणीतरी ते सरळ करून टाकलं असतं.

बदललं ते निवेदन. मॅडमनी सगळीकडे 'केले, गेले, म्हटले' लिहिलं होतं, शाळेतल्या निबंधासारखं. प्रकरणं सुनेच्या नजरेतून सरकायला लागल्यावर ती रूपं त्यांनाच टोचायला लागली आणि 'केलं, गेलं' आपोआप आली. मी हे आधीच सुचवलं असतं तर ती नुसती वेशभूषा झाली असती. निवेदकाची जागा बदलली म्हणून भाषा बदलली, या क्रमाने झालं ते ठीक झालं.

या सगळ्यानंतर पुस्तक १,०५,००० शब्दांच्या आसपास आलं, म्हणजे साडेतीनशे पानं, बावीस फॉर्म. कापलेल्या पस्तीस हजारांत समजावणी होती, दोनदा सांगितलेले प्रसंग होते, आणि नदीकडे बघत बसलेल्या म्हाताऱ्याची एक प्रस्तावना होती. ती गेल्याचं मॅडमना अजून वाईट वाटतं. मला वाटत नाही.

पैशांचं म्हणाल तर संपादनाच्या रकमेचे तीन भाग केले: सुरुवातीला एक, समासातल्या टिपा हातात दिल्यावर दुसरा, शेवटची प्रत दिल्यावर तिसरा. पुनर्लेखनाला लेखकाला किती महिने लागतील हे संपादकाच्या हातात नसतं. मधला हप्ता टिपांना बांधलेला असला की मॅडमना घाई नाही आणि मला तगादा लावायची वेळ येत नाही. दुरुस्त प्रत एकदा पुन्हा वाचून देणं या रकमेत धरलं होतं. त्यापुढच्या प्रत्येक वाचनाचे वेगळे पैसे, हे आधीच कागदावर होतं.

जिथं आमचं जमलं नाही

धाकट्या दिराच्या प्रकरणात खासबाग मैदानाचा इतिहास आला होता, चांगला दहाबारा पानं: शाहू महाराजांचा युरोप दौरा, रोममधलं जुनं मैदान, १९१२ साली उभं राहिलेलं खासबाग, तिथल्या गाजलेल्या जोडी. मी लिहिलं, सगळं काढा. खांदा निखळलेल्या पोराला त्या दिवशी यातलं काही सुचत नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, कोल्हापूरच्या कादंबरीत पैलवान आणि खासबाग नाही? लोक मला गावात राहू देतील काय?"

त्यांनी ते काढलं नाही. उचलून सासऱ्यांच्या तोंडी घातलं. पोरगा खांदा बांधून माळ्यावर पडलाय, कुणाशी बोलत नाही, आणि म्हातारा त्याच्या उशाशी बसून तंबाखू मळत खासबागेच्या गप्पा ठोकतोय. पोराला धीर द्यायला त्याला दुसरं काही येत नाही. दहा पानांची दीड झाली. म्हातारा अर्ध्या गोष्टी फुगवून सांगतो, दोन पैलवानांची कुस्ती भलत्याच मैदानावर लावतो, आणि मैदान १९०२ साली बांधलं म्हणून छातीठोकपणे सांगतो. त्याच्या डोक्यात शाहू महाराजांनी केलेली प्रत्येक गोष्ट १९०२ सालीच झालेली आहे. आरक्षणाचा जाहीरनामा त्या सालचा, त्यामुळे बाकी सगळंही त्याच सालचं.

त्याच प्रकाशकाने बदललेली प्रत घेतली. बोलीबद्दल या वेळी काही कळवलं नाही, फक्त शेवटी शब्दसूची मागितली. मी विरोधात होतो, मॅडम बाजूने. दीड पानाची सूची जातेय. मुद्रितं परत आली तेव्हा प्रकाशकाच्या मुद्रितशोधकाने, आपल्या कामाला जागून, १९०२ खोडून १९१२ केलं होतं आणि समासात "तपासले" असं लिहिलं होतं. मी ते परत १९०२ केलं. शैलीपत्रकाच्या तळाशी आता एक जादा ओळ आहे: पृष्ठ २१४, खासबागचं साल चुकीचं आहे, ते मामांचं आहे, दुरुस्त करू नये.